बेसमेंटचा जिना

मित्राच्या पन्नाशीची पार्टी होती. न्यू जर्सीतलं घर, नोव्हेंबरची थंडी, दारात बुटांचा ढीग, वर स्वयंपाकघरातून पावभाजीचा आणि लोणी करपल्याचा वास. बायका वर होत्या, पुरुष खाली बेसमेंटमध्ये. असं कुणी ठरवलेलं नसतं, पण पंचवीस वर्षं आमच्या पार्ट्या अशाच होत आल्या आहेत. आम्ही दहा-बारा जण, सगळे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेले, पुण्या-मुंबईच्या हॉस्टेलांमधून इकडे आलेले. कुणीतरी आपला फोन स्पीकरला जोडला आणि बीस्टी बॉइज या न्यू यॉर्कच्या रॅप बँडचा पहिला अल्बम लावला, 'लायसन्स्ड टू इल'. पहिल्या ठोक्याला सगळ्यांचे चेहरे उजळले. ज्यांना आता गुडघेदुखीमुळे खाली बसवत नाही तेही उभे राहून उड्या मारायला लागले. मीही. सहावं गाणं मुलींबद्दलचं आहे, खेळण्यातल्या झायलोफोनसारखी किणकिणती चाल असलेलं. मुली कशाला हव्यात, तर भांडी घासायला, खोली आवरायला, कपडे धुवायला, अशी त्यात यादी आहे. ती यादी आम्ही बेंबीच्या देठापासून म्हटली. त्यानंतर लगेच ते पार्टीचं प्रसिद्ध गाणं लागतं, त्यावर तर छत उडायचं बाकी राहिलं. त्या गोंधळात माझं लक्ष जिन्याकडे गेलं. माझी सतरा वर्षांची मुलगी मधल्या पायरीवर थांबली होती. तिच्या हातात उष्ट्या प्लेटांची चळत होती. खालच्या प्लेटा न्यायला तिला वरून पाठवलं होतं. ती गाणं संपेपर्यंत थांबली आणि मग वर गेली.

घरी येताना गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. बायको मागच्या सीटवर डोळे मिटून बसली होती, तिच्या हातांना लिंबाच्या साबणाचा वास येत होता. मुलगी पुढे माझ्या शेजारी. टर्नपाइकचे दिवे तिच्या चेहऱ्यावरून सरकत होते. मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबा, ते गाणं तू ऐकतोस, की फक्त ओरडतोस?" मी म्हटलं, अगं, ती त्यांनी केलेली गंमत आहे, अशा मुलांची ती नक्कल आहे. ती म्हणाली, "असेल. पण त्या लिस्टमधलं सगळं आई वर करत होती."

मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही.

हा अल्बम मला भेटला तो १९९० साली, पुण्यात, हॉस्टेलच्या गच्चीवर. एका मित्राचा भाऊ अमेरिकेहून सुट्टीवर आला होता, त्यानं आणलेली कॅसेट. तेरा गाणी, पाऊण तासाच्या आतबाहेर. आम्ही तिच्या इतक्या नकला काढल्या की नकलेची नक्कल ऐकताना आवाजाच्या आधी टेपची सरसर यायची, आणि तीही आम्हाला गाण्याचाच भाग वाटू लागली होती. आमच्या टू-इन-वनचा एक स्पीकर फाटलेला होता. तरी पहिल्या गाण्याचा ड्रम वाजला की गच्चीवरची पाण्याची टाकी घुमायची. तो ड्रम त्यांचा नव्हता, लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या जॉन बॉनमचा होता, हे मला फार नंतर समजलं. इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या एका जुन्या घरात बॉनमचा ड्रमसेट जिन्याच्या तळाशी मांडला होता आणि माइक वर, जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडले होते. त्या ठोक्यांत जी पोकळी ऐकू येते, आधी छातीवर येऊन मग मागे विरत जाणारी, ती त्या जिन्याची पोकळी आहे. १९८६ साली न्यू यॉर्कच्या तीन पोरांनी ती उचलून आपल्या रॅपखाली घातली. आणि बोलणं कसं, तर एकानं ओळ सुरू करायची, दुसऱ्यानं मध्येच हिसकावायची आणि शेवटचा शब्द तिघांनी मिळून फेकायचा. मला तेव्हा गावच्या जत्रेतला पोवाडा आठवला होता. शाहीर श्वास घ्यायला थांबतो तेवढ्यात मागचे झीलकरी ओळ झेलतात, तसं. इंग्रजी अर्ध्याहून जास्त कळत नव्हतं, पण हे झेलणं कळत होतं. वयाच्या अठराव्या वर्षी एकट्यानं काहीच करवत नाही. कुणीतरी आपला शेवटचा शब्द झेलणारं आहे, ही भावना त्या कॅसेटनं मला दिली, आणि त्याचं ऋण मी नाकारणार नाही.

ही मुलंही विशी-बाविशीचीच होती. माइक डायमंड, अ‍ॅडम यॉक, अ‍ॅडम होरोविट्झ, मॅनहॅटन-ब्रुकलिनची, ज्यू वारसा असलेल्या मध्यमवर्गीय घरांतली. त्यांचा निर्माता रिक रुबिन न्यू यॉर्क युनिव्हर्सिटीचा विद्यार्थी होता. डेफ जॅम हे रेकॉर्ड लेबल त्यानं तिथल्या हॉस्टेलच्या खोलीतून चालवायला सुरुवात केली. रेकॉर्डिंग झालं चायनाटाउनजवळच्या चंग किंग नावाच्या कळकट स्टुडिओत. एका गाण्यासाठी यॉकनं ८०८ ड्रममशीनचा ठेका टेपवर घेतला आणि टेप उलटी फिरवली. आजही ते गाणं लागलं की क्षणभर वाटतं, कुणीतरी खोलीतली हवा ओढून घेतंय. दुसऱ्या एका गाण्यात स्लेयर या मेटल बँडच्या केरी किंगची गिटार आहे, आणि एक गाणं मुळात रन-डीएमसी या रॅप ग्रुपचं. ब्लॅक सॅबथचं हेवी मेटल, हिपहॉप, पोरकट शिव्या, दारूच्या बाटल्या, सगळं एका भांड्यात. मुखपृष्ठावर विमानाची शेपटी, आणि कव्हर पूर्ण उघडलं की कळतं, ते विमान डोंगरावर आपटून नाकाकडून चुरगळलंय. मार्च १९८७ मध्ये हा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेला पहिला रॅप अल्बम ठरला. सात आठवडे तिथे राहिला, आणि पुढे एक कोटींच्या वर खपला. ज्यांच्याकडून ही मुलं शिकली ते काळे कलाकार या जागेपर्यंत आधी पोचले नव्हते, ही गोष्ट तेव्हाही अनेकांना टोचली होती आणि तिनं टोचायलाच हवं. पण मला आज खुपतंय ते वेगळं.

पार्टीचं ते गाणं त्यांनी टिंगल म्हणून लिहिलं होतं. कॉलेजातले बिअर ढोसणारे, आईबापांवर ओरडणारे, आपल्याला फार मोठा अन्याय सोसावा लागतो असं मानणारे जे गोरे पोरगे असतात, त्यांची नक्कल. आणि झालं असं, की नेमके तेच पोरगे कार्यक्रमांना येऊन ते गाणं राष्ट्रगीतासारखं म्हणू लागले. माइक डायमंड गळ्यात फोक्सवॅगनचा बिल्ला घालायचा, तर गावोगावच्या गाड्यांवरचे बिल्ले चोरीला जाऊ लागले. मग या तिघांनाही कळेना की आपण नक्कल करतोय की आपण तेच झालोय. १९८७ च्या दौऱ्यात रंगमंचावर पिंजऱ्यात नाचणाऱ्या मुली होत्या, यंत्रानं वर येणारं एक अवाढव्य लिंग होतं, प्रेक्षकांवर उडवलेली बिअर होती. मे अखेरीस लिव्हरपूलला पोचले तेव्हा प्रेक्षकांतून डबे-बाटल्यांचा मारा झाला, दहा-एक मिनिटांत कार्यक्रम आटोपला आणि होरोविट्झला पोलिसांनी पकडलं. पुढे तो निर्दोष सुटला. त्या दौऱ्यानंतर त्यांनी ते गाणं रंगमंचावर म्हणायचं सोडून दिलं. आपलं सर्वांत गाजलेलं गाणं. मी मुलीला गाडीत सांगितलेलं खोटं नव्हतं, ती नक्कलच होती. पण नक्कल पुरेशा वेळा, पुरेशा मोठ्यानं केली की बेसमेंटमधल्या माणसांना ती नक्कल म्हणून ऐकू येत नाही. आणि जिन्यावरच्या माणसाला तर कधीच येत नसावी.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मी त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल पुन्हा वाचत बसलो, आणि एका नावापाशी अडकलो. केट शेलेनबाख. बीस्टी बॉइज १९८१ साली सुरू झाले ते रॅपर म्हणून नाही, हार्डकोर पंक, म्हणजे भरधाव, कर्कश रॉक वाजवणारा बँड म्हणून. यॉकच्या सतराव्या वाढदिवसाच्या पार्टीत त्यांचा पहिला कार्यक्रम झाला, आणि ड्रमवर ही मुलगी होती. म्हणजे ज्या बँडच्या नावातच 'बॉइज' आहे, त्याचा पहिला ठेका एका मुलीचा. पुढे पोरांना रॅपचं वेड लागलं, रुबिन आला, ड्रममशीन आलं. तिघांच्या अंगावर एकसारखे ट्रॅकसूट आले. त्यात चौथा सूट नव्हता. कुणी तिला समोर बसवून नीट काही सांगितलंही नाही. सगळी मंडळी पुढे सरकली आणि ती मागे राहिली. दोन वर्षांनी तो अल्बम आला आणि भांडी घासणाऱ्या मुलींचं गाणं जगभर वाजलं.

ट्रॅकसूटचा तो तपशील वाचला तेव्हा घरात पूर्ण शांतता होती. हीटरचा तेवढा आवाज. आणि मला एकदम आमच्या कॉलेजचं गॅदरिंग आठवलं.

आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. हिंदी-मराठी गाणी, एक-दोन इंग्रजी. त्यात ड्रमसेटवर आमच्याच वर्गातली एक मुलगी बसायची. लहानपणापासून तबला शिकलेली. ड्रम तिनं स्वतःच्या हिमतीवर उचलले होते, आणि तबल्याची बोटं असल्यामुळे तिच्या काठ्या वेगळ्याच पडायच्या, ठोक्याच्या आधी एक बारीक कुजबुज असल्यासारख्या. तालमीला ती सायकलवरून यायची. वेणी मागे खोवलेली, ओढणी कमरेला बांधलेली, आणि काठ्या सायकलच्या कॅरियरला लावलेल्या. कधी वेळ चुकवली नाही. कॅसेट आली त्या वर्षी आम्ही ठरवलं की गॅदरिंगला रॅप करायचा. टोप्या उलट्या घालायच्या, हाफ पँट घालायच्या, तिघांनी एकमेकांच्या ओळी झेलायच्या. कुणाच्या तरी काकांचा कॅसिओ कीबोर्ड होता, त्यात तयार ठेके होते. एका मुलानं म्हटलं, असल्या गाण्याला ड्रमची गरज काय, आणि स्टेजवर आपण असल्या शिव्या देणार, मागे मुलगी बरी दिसेल का? मी 'नाही दिसणार' असं म्हटलं नाही. मी काहीच म्हटलं नाही. तिला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण तिच्याशी माझी जरा जास्त ओळख होती. मी तिला कँटीनबाहेर गाठलं आणि म्हणालो, या वेळी तू नसलीस तरी चालेल. शब्द नेमके हेच होते. ती "बरं" म्हणाली. त्या सायकलचं स्टँड काढल्याचा खट्ट आवाज माझ्या लक्षात आहे, चेहरा नाही. गॅदरिंगला आमचा कार्यक्रम तुफान झाला. तिसऱ्या ओळीलाच पोरं बाकांवर चढली. तो माझ्या तरुणपणातला सर्वांत आनंदाचा दिवस आहे असं मी गेली तीस वर्षं सांगत आलो. त्या आनंदातलं काही खोटं होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. तो खराच होता, आणि ती त्या दिवशी सभागृहात नव्हती, हेही खरं.

पुण्यातल्या आम्हा पोरांचं पुढे काय झालं तर नोकऱ्या, व्हिसा, घराचे हप्ते. त्या तिघांचं काय झालं ते मात्र मला पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं. लेबलशी पैशांवरून भांडून ते कॅलिफोर्नियाला गेले, वाद्यं पुन्हा हातात घेतली, स्वतःचं लेबल काढलं. त्या लेबलनं सुरुवातीलाच लशस जॅक्सन या बँडचं रेकॉर्ड काढलं, आणि त्या बँडमध्ये ड्रमवर होती केट शेलेनबाख. हे त्यांच्या बाजूनं सांगितलं तर फार सुंदर वाटतं. तिच्या बाजूनं मधली सात-आठ वर्षं कशी गेली असतील ते तिलाच ठाऊक. १९९४ मध्ये यॉकनं एका गाण्यात आठ-दहा सेकंदांची जागा घेतली आणि बायकांचा अपमान आता पुरे, असं स्वच्छ शब्दांत म्हटलं. आया, बहिणी, बायका, मैत्रिणी, सगळ्यांना उद्देशून. मला त्यातली जागा महत्त्वाची वाटते. त्यानं मुलाखत दिली नाही, निवेदन काढलं नाही. जिथे चुकलं होतं तिथेच, गाण्यातच, त्याच ओरडणाऱ्या आवाजात ते म्हटलं. म्हणजे जे नाचायला आले होते त्यांना ते नाचतानाच ऐकावं लागलं. १९९९ मध्ये होरोविट्झनं न्यू यॉर्कच्या एका साप्ताहिकाला पत्र लिहून पहिल्या अल्बमच्या काळात समलिंगी लोकांबद्दल जे काही बरळलं होतं त्याची माफी मागितली. अल्बमचं मूळ ठरलेलं नावच तसलं होतं. रेकॉर्ड कंपनीनं अडवलं म्हणून बदललं. त्याच वर्षी, वुडस्टॉक या संगीत महोत्सवाच्या गर्दीत बायकांवर अत्याचार झाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा हाच माणूस एका झगमगत्या पुरस्कार सोहळ्यात उभा राहून म्हणाला की कार्यक्रमांत बायका सुरक्षित राहतील हे पाहणं कलाकारांचं आणि आयोजकांचं काम आहे. सभागृहात टाळ्या जरा उशिरानं आल्या असाव्यात, असं मला ते दृश्य पाहताना वाटतं.

यॉकवर माझा जास्त जीव आहे. नेपाळमध्ये भटकताना त्याला तिबेटी निर्वासित भेटले आणि त्याचं आयुष्यच वळलं. तो बौद्ध झाला. १९९६ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये त्यानं तिबेटसाठी जो दोन दिवसांचा संगीतसोहळा उभा केला त्याला लाखभर माणसं आली. २०१२ च्या मे महिन्यात कर्करोगानं तो गेला, वय सत्तेचाळीस. आपलं संगीत जाहिरातींसाठी वापरू नये असं त्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी मुलींसाठी बांधणीची खेळणी बनवणाऱ्या एका कंपनीनं तेच भांडी घासायचं गाणं घेतलं आणि शब्द बदलून जाहिरात केली. त्यात मुली एक भलंमोठं यंत्र जोडतात. उरलेल्या दोघांनी लिहिलं की संदेश आम्हाला पटतो, पण ही जाहिरात आहे आणि आमच्या मित्राची इच्छा वेगळी होती. प्रकरण समझोत्यानं मिटलं. मुलींच्या विज्ञान-शिक्षणासाठी देणगी दिली गेली. मी मुलीला ती सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "मग ते नवे शब्द तुमच्या पार्टीत का नाही म्हणत?" तिला उद्धटपणा करायचा नव्हता. ती खरंच विचारत होती.

डिसेंबरात आम्ही दोघं ब्रुकलिनला गेलो. यॉकच्या नावाचं एक मैदान आहे तिथे, तो जिथे वाढला त्याच भागात. बास्केटबॉलचं कोर्ट, घसरगुंडी, कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली जागा, शेजारून एक्स्प्रेसवेची घरघर. एक बाई लहान मुलाला झोका देत होती. मी अठराव्या वर्षीच्या माझ्या वेडाबद्दल मुलीला सांगत होतो. टाकी कशी घुमायची, कॅसेटची सरसर, झीलकरी. ती हसत होती, तिला ते मनापासून आवडलं होतं. मग मी गॅदरिंगची गोष्टही सांगितली. सायकलच्या स्टँडपर्यंत. तिनं फक्त विचारलं, "ती आता कुठे असते?"

कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा नंबर होता. पाच वर्षं होता. मी तीन दिवस मजकूर लिहीत आणि पुसत होतो, शेवटी चार ओळी पाठवल्या. कँटीनबाहेर तुला जे म्हणालो ते चुकीचं होतं, मी बोलायला हवं होतं, बोललो नाही, माफ कर. पुण्यात सकाळ झाल्यावर तिचं उत्तर आलं. लिहिलं होतं, "अरे, किती वर्षांनी! मुलगी कशी आहे? त्या दिवसाचं काय, तेव्हा खूप रडले होते, आता ठीक आहे. पण माझ्या स्टिक्स तुझ्याकडेच राहिल्या बरं का. बाबांनी मुंबईहून आणल्या होत्या." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला काठ्या आठवत नव्हत्या. गच्चीवरची टाकी, टेपची सरसर, टोपीचा रंग, सगळं आठवत होतं, आणि तिच्या काठ्या माझ्याकडे आहेत हे मला तीस वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. कदाचित शेवटच्या तालमीनंतर मीच त्या उचलून आणल्या असतील, उद्या देऊ म्हणून.

रविवारी आईला फोन केला. माळ्यावर माझ्या कॉलेजच्या सामानात दोन लाकडी काठ्या आहेत का बघशील, पुढे गोल बोंडं असतील, असं म्हटलं. आई म्हणाली, माळ्यावर कशाला बघू, एक इथेच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीला अटकण म्हणून लावली आहे, तू अमेरिकेला गेलास तेव्हापासून. दुसरी कुठे गेली देव जाणे. मग फोनवर तिच्या पावलांचा आवाज आला, भांड्यांचा आवाज आला, खालून रिक्षाचा भोंगा. "आहे बघ," ती म्हणाली, "अजून चांगली टणक आहे. काढू का? काढली तर खिडकी आपटत राहील, तेवढं दुसरं काही बघावं लागेल."

"काढ," मी म्हणालो. आणि फोनवरच मला खिडकी आपटल्याचा आवाज आला.